मदत हवी आहे: खारट सांडपाण्यात लॅकेज टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. लोटे परशुरामच्या (रत्नागिरी जिल्हा) एका छोट्या कारखान्यात मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट सांभाळतो. सांडपाण्यात फिनॉल हे विषारी रसायन वाढलं की टाकीतले पाणी साफ करणारे जिवाणूच मरतात, म्हणून आधी बुरशीपासून मिळणारं लॅकेज एन्झाइम वापरून बघतोय. ते ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉलचे रेणू एकमेकांना जोडतं, मग त्यांचा गाळ होऊन तळाशी बसतो. साध्या पाण्यात फिनॉल घालून बघितलं तर तासाभरात बीकर कोऱ्या चहासारखा तपकिरी, तळाशी काळपट साका. खऱ्या सांडपाण्यात मात्र काहीच नाही! त्यात मीठ बरंच आहे, आणि क्लोराइडने लॅकेज मंदावतं. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलच्या) मण्यांत बसवून कुणी टिकवलंय का? की पेरॉक्सिडेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारं दुसरं एन्झाइम बरं? पण त्यात पेरॉक्साइड जास्त पडलं तर एन्झाइमच निकामी होतं. इथलं सांडपाणी शेवटी दाभोळ खाडीत जातं आणि माझे मामा तिथेच जाळं टाकतात, म्हणून काळजी लागलीय. अनुभव असेल तर कृपया सांगा.