चर्चमध्ये कोंबडी कापतात? चामुलाचे लोक ख्रिश्चन की जुन्या माया धर्माचे?

भटकंती_मेधा: मेक्सिकोत चियापासला जायचं ठरतंय म्हणून सान हुआन चामुलाबद्दल वाचतेय. चर्चमध्ये बाकं नाहीत, खाली पाइनचा हिरवा पाला, फरशीवरच ओळीने मेणबत्त्या चिकटवलेल्या, कोंबडीचा बळी, आणि सोबत कोकाकोलाच्या बाटल्या! म्हणजे नावाला ख्रिश्चन आणि आतून जुनंच चालू, असं आहे का?

निनाद_के: नावाला अजिबात नाही हो. ते त्सोत्सिल माया, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासींपैकी आहेत आणि स्वतःला कॅथलिकच म्हणवतात, मनापासून. बाप्तिस्म्याला पाद्री येतो, बाकी चर्च गावाच्या ताब्यात. एकेका संताची जबाबदारी वर्षभर एकेका मायोर्दोमोकडे असते, सणाचा खर्च तो पदरचा करतो, पार कर्जात जातो पण मान मोठा. आजारी माणसाला घेऊन वैदीण बसते, नाडी बघते, कोपालचा धूप, पोश म्हणजे तिकडची गावठी दारू, मग कोंबडी अंगावरून उतरवून तिथेच मान मुरगळते, आणि हे सगळं संताला हाक मारतच चाललेलं असतं. यात माया कुठे संपलं नि ख्रिश्चन कुठे सुरू झालं ते शोधण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी तो एकच धर्म आहे.

सुहास काका: जमलं तर ग्वाटेमालापण करा. चिचिकास्तेनांगोला सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर धुपाचा धूर आणि आत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना. तिथल्या किचे माया लोकांचा पोपोल वूह हा पुराणकथांचा ग्रंथ फ्रान्सिस्को हिमेनेस नावाच्या पाद्र्याने १८व्या शतकाच्या सुरुवातीला याच गावात उतरवून घेतला म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो. आणि सांतियागो आतित्लान गावचा माशिमोन, लाकडी देव, तोंडात सिगार, गळ्यात ढीगभर स्कार्फ, दरवर्षी मुक्काम नव्या घरी!

रेवती: निनाद, पटतंय, पण एक बाजू राहिली. १९७४ पासून याच चामुलातून प्रोटेस्टंट झालेल्या हजारो लोकांना हाकलून दिलं, कारण ते सणाची वर्गणी देईनात, दारू-मेणबत्त्या घेईनात, आणि तो धंदा गावातल्या पुढाऱ्यांच्याच हातात. घरंदारं सोडून बिचारे जवळच्या सान क्रिस्तोबाल शहराच्या कडेला वस्त्या करून राहिले. म्हणजे परंपरा जपली गावानेच, आणि माणसं बाहेर काढली तीही गावानेच. दुसरीकडे २०२४ मध्ये व्हॅटिकनने त्या भागातल्या मिस्सेत पारंपरिक नाच आणि बायकांनी धूप फिरवणं मान्य केलं. १५६२ मध्ये मेक्सिकोतल्याच युकातानमधल्या मानी गावात पाद्री लांदाने माया पोथ्या नि मूर्ती जाळल्या होत्या, तिथपासून हा किती लांबचा पल्ला आहे बघा.

आणि मेधा, चामुलाच्या चर्चच्या आत फोटो काढू नकोस, सक्त मनाई आहे.