विषय: बाबांच्या डोक्याला मार, मग फुफ्फुसं कशी बिघडली?

मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत मध्येच घुसतेय, माफ करा. शनिवारी बाबा बर्डीहून येताना स्कूटरवरून पडले. हेल्मेट डिक्कीत, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. धंतोलीत आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. पहिल्या दिवशी छातीचा एक्स-रे स्वच्छ, आज दोन्ही बाजू पांढऱ्या. दादा म्हणतो, इन्फेक्शन हॉस्पिटलनंच दिलं. न्यूरोवाले एक सांगतात, आयसीयूवाले दुसरंच. डॉक्टरकाका, वाचताय नं?

---

पोरी, वाचतोय नं.

दादाला आधी शांत कर. मेंदूला जबर मार बसला की अॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो, रक्तदाब भडकतो आणि फुफ्फुसांत पाणी झिरपतं. काही तासांतही होतं हे. शिवाय बेशुद्ध माणसाला ठसका लागत नाही, लाळ नाहीतर उलटी सरळ श्वासनळीत उतरते. व्हेंटिलेटरमुळे न्यूमोनिया होतो हेही खरं आहे, पण नुसत्या एक्स-रेवरून कोणावर खापर फोडू नये. नळीतल्या कफाचा कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, पाठवला का, एवढं विचारा.

आता दोन डॉक्टरांचं. बिघडलेल्या फुफ्फुसांना छोटे श्वास मानवतात. अमेरिकेत 861 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल 2000 साली आले: किलोमागे 12 मिलीऐवजी 6 मिलीच्या आसपास श्वास दिला, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31वर आलं. (हे वजन उंचीवरून काढतात, त्यामुळे बाबांचं पोट हिशेबात धरत नाहीत.) पण श्वास छोटा केला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, कवटी काही फुगत नाही, आणि आतला दाब चढतो. मग भराभर श्वास देऊन तो उतरवावा म्हटलं, तर त्याच वाहिन्या आखडतात आणि सुजलेल्या मेंदूचं रक्त तुटतं. फुफ्फुसं उघडी ठेवायला मशीननं दाब वाढवला, तर डोक्यातून रक्त परतायला अडचण होऊ शकते. म्हणून एकाचं लक्ष छातीकडे, दुसऱ्याचं डोक्याकडे. दोघं वाद घालतात हे मला बरंच वाटतं. मेडिकलला शिकत होतो तेव्हा असल्या वादांतच रात्री जायच्या आमच्या.

दादाला रोज एक आकडा विचारायला सांग: एबीजीमधला, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीतला, कार्बन डायऑक्साइड. साधारण 35 ते 45 असतो. बाबांसाठी किती ठरवलाय ते डॉक्टरच सांगतील. पलंगाचं डोकं 30 अंश उचललेलं असेल. मानेला त्रास होतो म्हणून कोणी खाली करू नका. मेंदूला आणि फुफ्फुसांना दोघांनाही एकदम मानवणारी ही एक गोष्ट.

आणि उलटंही चालतं, फुफ्फुसांचा त्रास डोक्याला होतो. ऑक्सिजन कमी, वर झोपेची औषधं, म्हणून नळी निघाल्यावर बाबा भ्रमात बोलतील, भिंतीवर मुंग्या दिसतील, तुला ओळखणार नाहीत कदाचित. घाबरू नका, रागावू तर नकाच. चष्मा आणि कानाचं मशीन आत देऊन ठेवा, दिवस आहे की रात्र हे सांगत राहा. आईला म्हणावं, रोजच्यासारखं बोल, रडवेल्या आवाजात नको.

---

काका,
दादानं विचारलं, आज 38 आहे. कल्चरही गेलाय. चष्मा घरभर शोधला, शेवटी डिक्कीत सापडला, हेल्मेटच्या आत. आई संध्याकाळी घेऊन जातेय.