हेगला इंटर्नशिप, रॉटरडॅमला आत्या: मदत हवी आहे

मी मालवणची, कायदा शिकतेय. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळालीय. (हे न्यायालय ज्या रोम कराराने स्थापन झालं, त्याचा भारत सदस्य नाही, तरी आपल्याला अर्ज करता येतो.) माझी बिनपगारी आहे, आणि तिथलं खोलीभाडं ऐकूनच घाम फुटला. आत्या रॉटरडॅमला, ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. पण घराच्या वाटणीवरून बाबांचा नि तिचा कित्येक वर्षं अबोला. परवा मीच फोन केला, तर पहिला प्रश्न, "मागल्या दारचो रातांबो आसा मा गो अजून?" (रातांबो म्हणजे कोकमाचं झाड.)

थेट तिच्याकडेच राहावं, की खोली घेऊन रविवारी जेवायला जावं? आणि आंबा सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाही, नारळ चालतो. पण आगळाची, म्हणजे कोकमाच्या दाट लाल रसाची, बाटली चेक-इन बॅगेत कशी बांधता? गळली तर कोर्टाचे पांढरे शर्ट गेलेच.