मदत हवी आहे: फळांचा गर फेसाळून चिकट निघतोय, व्हॅक्यूमही पूर्ण येत नाही

माझ्याकडे चार ट्रेचा छोटा फ्रीझ ड्रायर आहे (गोठवलेल्या पदार्थातला बर्फ व्हॅक्यूममध्ये थेट वाफ करून तो वाळवणारं यंत्र), ऑइल पंपवाला. पहिल्या दोन बॅच स्ट्रॉबेरीच्या चकत्यांच्या. त्या इतक्या कुरकुरीत निघाल्या की मी जरा चढलेच. तिसऱ्या वेळी फळांचा गर लावला आणि फसलं. वरून फुगलेला, फेस जागच्या जागी थिजल्यासारखा. बोट लावलं तर पापुद्रा मोडला आणि खाली पाकासारखा चिकट थर. मधल्या दोन ट्रेंमध्ये तर बोटाला गारठा लागला, म्हणजे आत बर्फ शिल्लक.

आधी व्हॅक्यूम ३०० मिलिटॉरच्या (दाबाचं एकक; आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला) आसपास स्थिरावायचा. आता ८०० च्या खाली उतरायला तयार नाही. दाराचं रबर दोनदा पुसलं. वाळवणीचा वेळ ६ तासांनी वाढवला, काडीचा फरक नाही. गर साधारण दोन सेंटीमीटर जाड ओतला होता आणि रात्रभर गोठवला होता. दोष गराचा की मशीनचा?

प्रतिसाद १
रबराच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी सांगा. मागच्या बॅचनंतर चेंबरमधला बर्फ पूर्ण वितळवला होतात का? आणि पंपाच्या काचेतून तेल कसं दिसतंय?

धागाकर्ती
तेल आत्ताच पाहिलं. दुधाळ आहे! बर्फाचं म्हणाल तर घाईत तासभर दार उघडं ठेवलं होतं. मागच्या भिंतीवर बोटभर थर उरला होता खरा. थोडा बर्फ राहिला तर काय बिघडतंय, असं वाटलं.

प्रतिसाद १
तिथेच बिघडलं. उणे ३० अंशांवरचा १ ग्रॅम बर्फ त्या विरळ दाबात वाफ झाला की जवळजवळ ३,००० लिटर जागा व्यापतो. एवढी वाफ ओढणं पंपाच्या बापाला जमणार नाही. ती पकडायची असते चेंबरच्या गार भिंतीने, बर्फ म्हणून गोठवून. भिंतीवर आधीच जाड थर असला की नवी वाफ त्या थराच्या तुलनेने कमी गार पृष्ठभागावर पोचते, नीट पकडली जात नाही, आणि थेट पंपात जाते. तेल त्यामुळेच दुधाळ झालंय. तेलातलं पाणी मग स्वतःच वाफ सोडत राहतं, आणि आकडा ८०० वर अडतो.

चिकटपणाही बऱ्याच अंशी याचाच. दाब जितका जास्त, तितका ट्रेमधला बर्फ कमी थंड. ३०० मिलिटॉरला तो उणे ३० च्या आसपास असतो, ८०० ला उणे २०. बर्फाच्या कणांमध्ये जो साखरेचा दाट द्रव अडकलेला असतो, तो त्या तापमानाला घट्ट राहत नाही, ढिला पडतो. सुक्रोजचा (म्हणजे साध्या साखरेचा) द्रव उणे ३२ च्या जवळपास, ग्लुकोज-फ्रुक्टोज या फळांतल्या साखरांचा तर उणे ४० च्याही खाली. ढिला पडला की वाफ त्यातून बुडबुडे काढत निघते. तोच तुमचा फेस.

तेल पंप गरम असताना काढा, थोडा वेळ पंप नव्या तेलावर चालवा, पुन्हा दुधाळ झालं तर पुन्हा बदला. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून तेलातली वाफ बाहेर काढणारी झडप) असेल तर तो उघडून पंप चालवा. बर्फ पूर्ण वितळवा, ड्रेनच्या नळीत पाणी राहू देऊ नका, भिंती कोरड्या पुसा.

धागाकर्ती
पण मग स्ट्रॉबेरी कशी निघाली? तीही गोडच की.

प्रतिसाद २
चकतीत पेशींचा सांगाडा शाबूत असतो, साखर ढिली पडली तरी तो आकार धरून ठेवतो. गर करताना तुम्ही तो मिक्सरमध्ये मोडून टाकलात. त्यामुळे मशीन ठणठणीत असलं तरी गर नखरे करणारच. दोन सेंटीमीटर फार झाले, एकावर या. थोडं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पांढरी पावडर) घातलं तर तो द्रव कमी थंडीतही घट्ट राहतो. चव किंचित बोथट होते, मला तरी ती जाणवते. सुरुवातीला ट्रेची उष्णता कमी ठेवा; घाई केली की फेस ठरलेला.

तेल बदलूनही आकडा अडला तर रिकाम्या, कोरड्या, गार चेंबरवर व्हॅक्यूम घ्या आणि पंप आणि चेंबरच्या मधे झडप असेल तर ती बंद करून आकड्याकडे बघा. एकाच चालीने चढत राहिला तर गळती. आधी भरभर चढून मग थबकला तर आत ओल आहे.

आणि वेळेवर विसंबू नका. ट्रेचं वजन करा, आणखी २ तास चालवा, पुन्हा वजन करा. दोन-चार ग्रॅमही उतरले तर माल अजून ओला आहे. ट्रे कोमट असतानाच काढा, गार ट्रेवर खोलीतली ओल लगेच बसते.

धागाकर्ती
चार दिवसांनी लिहितेय. तेल दोनदा बदललं, दुसऱ्यांदाही किंचित पांढुरकं आलं होतं. काल रिकाम्या चेंबरला २४० आलं! मग गर एक सेंटीमीटर ओतला, माल्टोडेक्स्ट्रिन फक्त दोन ट्रेंमध्ये घातलं. ते दोन ट्रे टक्क वाजताहेत, तुकडा मोडला की पावडर होते. साधे दोन कडेला कुरकुरीत आणि मध्ये अजून चामड्यासारखे, वजन २ तासांत ११ ग्रॅम उतरलं. ते परत आत सरकवलेत. बोथट चवीचं म्हणत होतात ते खरं आहे, पण घरात कोणाला कळलं नाही.