मदत हवी आहे: अमेरिकेतली पीई परीक्षा (इलेक्ट्रिकल, पॉवर) – कोडच्या पुस्तकाचं काय करू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतेय, चुकीच्या जागी असेल तर हलवा.

मी मूळची सांगलीची, बीई इलेक्ट्रिकल तिकडेच, मग एमएसला इकडे आले आणि आता ह्यूस्टनला एका कन्सल्टिंग कंपनीत सबस्टेशनच्या टीममध्ये आहे. एफई, म्हणजे लायसन्सची पहिली परीक्षा, मागेच झाली. पीईची, म्हणजे ड्रॉइंगवर शिक्का मारायच्या लायसन्सच्या परीक्षेची, तारीख आता नोव्हेंबरच्या शेवटची घेतलीये. घेतलीये म्हणजे घ्यावी लागली, कारण आमच्या ग्रुपमध्ये ड्रॉइंगवर शिक्का मारणारे एकच गृहस्थ आहेत, ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि बॉसने अतिशय गोड आवाजात "सो, व्हेन इज युवर एक्झाम?" असं दोनदा विचारून झालंय.

अडचण अशी की थिअरीची मला फारशी भीती नाहीये. मशीन्स, ट्रान्सफॉर्मर, पर युनिट, सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स, एकदा हात फिरवला की आठवतं, शिवाय रिले सेटिंग हे माझं रोजचंच काम आहे. पण एनईसी, म्हणजे इकडचा वायरिंगचा राष्ट्रीय कोड, उघडलं की डोकं बंद पडतं. नऊशेच्या आसपास पानं, एक कलम वाचायला घ्यावं तर त्यात लिहिलेलं असतं की अमुक कलमात सांगितलं असेल ते सोडून, मग त्या अमुक कलमाला अपवाद, अपवादाला अजून एक अपवाद, आणि तिथून परत यायला लागलं की आपण कुठून निघालो होतो तेच आठवत नाही. आणि गंमत म्हणजे युटिलिटीच्या सबस्टेशनला एनईसी लागूच नसतं, तिकडे एनईएससी (युटिलिटीच्या लाइन-सबस्टेशनचा सुरक्षा कोड), त्यामुळे इतकी वर्षं नोकरी करून या पुस्तकाशी माझा संबंधच आलेला नाही.

तर विचारायचं हे की एनईसी पूर्ण वाचायचं का, नसेल तर काय सोडायचं? एनईएससी, ७०ई (विजेवर काम करतानाची सुरक्षा), ४९७ (ज्वलनशील गॅसच्या जागा) वगैरे बाकीच्या कोडना किती वेळ द्यायचा? आणि एक बावळट प्रश्न, स्टार-डेल्टाचा ३० डिग्रीचा फेज शिफ्ट माझा दर वेळी उलटाच येतोय, उत्तराची चिन्हं जुळत नाहीत. पुस्तक चुकलंय की मी?

संध्याकाळी मुलगी झोपल्यावर दोन तास मिळतात, शनिवारी थोडे जास्त. तेवढ्यात बसेल असं सांगा.

निगेटिव्ह_सिक्वेन्स
कृष्णाकाठ ताई, मी न्यू जर्सीत असतो, माझी ही परीक्षा कॉम्प्युटरवर सुरू झाल्यानंतर झालीये, पास आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलतो. आधीच सांगतो, प्रश्न विचारू नका, तिथे सही करून बसवतात आणि प्रश्न बाहेर सांगितले तर लायसन्सवर येतं. पद्धत सांगतो.

डिसेंबर २०२० पासून पॉवरचा पेपर पिअर्सन व्ह्यूच्या सेंटरवर कॉम्प्युटरवर होतो. त्याच्या आधी लोक ट्रॉली बॅगेत पुस्तकं भरून न्यायचे, पानापानाला रंगीत पट्ट्या लावलेल्या. आता काही नेता येत नाही. हँडबुक (सूत्रांचं पुस्तक) आणि कोड दोन्ही स्क्रीनवर पीडीएफमध्ये देतात. लोक हे ऐकतात आणि म्हणतात, वा, मग काय, सर्च करू! इथेच घात आहे. हँडबुक अख्खं सर्च होतं, पण कोड तुम्हाला चॅप्टरवार देतात, एका वेळी एकच चॅप्टर उघडतो आणि सर्च त्याच्यातच चालतो. म्हणजे कुठल्या चॅप्टरमध्ये शिरायचं हे डोक्यात नसेल तर सर्च काय डोंबल शोधणार.

म्हणून एनईसी वाचू नका, त्याचा सांगाडा पाठ करा. ९ चॅप्टर आहेत. १ ते ४ सगळ्यांना लागू. ५, ६, ७ खास जागा, खास उपकरणं, खास परिस्थिती, हे आधीच्या चारांमध्ये बदल करतात. ८ कम्युनिकेशनचा, तो आपला वेगळा राहतो. ९ मध्ये टेबलं. कलमाचा पहिला आकडा म्हणजे चॅप्टर. ग्राउंडिंग २५० म्हणजे दुसरा, वायरची करंट क्षमता ३१० म्हणजे तिसरा, मोटर ४३० आणि ट्रान्सफॉर्मर ४५० चौथा, स्फोटक वातावरण ५०० पासून पाचवा, इमर्जन्सी सिस्टिम ७०० सातवा. हे झोपेत विचारलं तरी यायला पाहिजे. मग रोज एकच आर्टिकल घ्या आणि त्यावरची चार-पाच गणितं पीडीएफ उघडून सोडवा, छापील पुस्तक उघडून नाही, कारण तिथे बोटाने पान उलटायची सवय कामाला येत नाही.

जुनी प्रॅक्टिस पुस्तकं वापरत असाल तर जपून. अँपॅसिटीचं (वायरच्या करंट क्षमतेचं) मुख्य टेबल २०१७ च्या कोडमध्ये ३१०.१५(बी)(१६) होतं, २०२० मध्ये ते परत ३१०.१६ झालं. कोड दर ३ वर्षांनी बदलतो, तुमच्या तारखेला कुठली आवृत्ती धरतात ते परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएसच्या साइटवर बघून मगच प्रॅक्टिसला बसा.

बाकीच्या कोडांचं: ७०ई मधली अप्रोच बाउंडरीची (चालू विजेच्या किती जवळ जायचं त्याची) टेबलं, एनईएससीमधले क्लिअरन्स आणि हेवी-मीडियम-लाइट लोडिंगचे भाग, ४९७ आणि ४९९ मध्ये गॅस आणि धुळीचे ग्रुप कुठे आहेत, एवढं शोधता आलं की पुरे. तुम्ही सबस्टेशनवाल्या म्हणजे एनईएससी तुमच्या हातातलं आहे. त्यांच्यावर शनिवार घालवू नका, तो एनईसीला द्या.

वेळेबद्दल. ८० प्रश्न, ८ तास, म्हणजे प्रश्नाला सरासरी ६ मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतं. पण पेपर दोन भागात येतो आणि पहिला भाग सबमिट करून ब्रेकला गेलात की परत त्यात जाता येत नाही. माझ्या मते ही परीक्षा ज्ञानाची कमी आणि सोडून देण्याची जास्त आहे. आपण लोक एक गणित अडलं की इज्जतीचा प्रश्न करतो, शाळेपासूनची सवय. तिथे फ्लॅग लावायचा आणि पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे रिकामं काहीच ठेवायचं नाही. आणि सगळे प्रश्न चार पर्यायांचे नसतात, कुठे आकडा टाइप करायचा, कुठे चित्रावर क्लिक, कुठे लागू असतील तेवढे सगळे निवडा, हे शेवटचे सगळ्यात खट.

साधा_माणूस
एवढं करून पगार वाढतो का हो?

निगेटिव्ह_सिक्वेन्स
@साधा_माणूस कंपनीवर आहे. कन्सल्टिंगमध्ये शिक्का चालतो म्हणून किंमत आहे. कारखान्यात किंवा प्रॉडक्ट कंपनीत असाल तर बऱ्याच राज्यांत लायसन्सशिवाय आयुष्य निघतं. उगाच करू नका.

डीपीवरचा_कावळा
फेज शिफ्टचं मी सांगतो. मी आधी बोर्डात आणि २००५ ला बोर्डाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणमध्ये होतो, आता नाशकात निवांत आहे, ट्रान्सफॉर्मरवर कुणी बोललं की राहवत नाही.

बाळ, पुस्तक बरोबर आहे आणि तूही बरोबर आहेस, तुम्हा दोघांचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे. आपल्याकडे ११ केव्ही / ४३३ व्होल्टच्या कुठल्याही डीपीची नेमप्लेट बघ, डीवायएन-११ लिहिलेलं असतं. घड्याळात हाय व्होल्टेजचा काटा १२ वर धर, लो व्होल्टेजचा ११ वर, म्हणजे लो व्होल्टेज ३० डिग्री पुढे. कॉलेजात तू हेच घोकलंस. अमेरिकन स्टँडर्डमध्ये स्टार-डेल्टा असो की डेल्टा-स्टार, हाय व्होल्टेजची बाजू लो व्होल्टेजच्या ३० डिग्री पुढे धरतात. आपल्या भाषेत डीवायएन-१ म्हण. तुझं चिन्ह इथेच उलटं होतंय.

आणि हे सिमेट्रिकल कॉम्पोनंट्सपैकी पॉझिटिव्ह सिक्वेन्ससाठी झालं. निगेटिव्ह सिक्वेन्सला शिफ्ट उलट्या दिशेने जातो आणि झिरोला डेल्टा वाटच देत नाही, तो स्टारच्या न्यूट्रलमधून जमिनीत जातो आणि डेल्टात नुसता फिरत राहतो. ज्याने वरती हे नाव घेतलंय त्याने खरं तर हे सांगायला हवं होतं :)

आपल्याकडे वायरमनला आणि सुपरवायझरला परवाना लागतो, पण इंजिनिअरला पदवीच्या वर अशी शिक्क्याची परीक्षा नाही. असायला हवी होती असं मला नोकरीत अनेकदा वाटलं. असो, विषयांतर.

कृष्णाकाठ
काका, शिरसाष्टांग! तीन रात्री मी त्या एका गणितावर बसलेय, नवऱ्याला वाटत होतं माझं ऑफिसात काहीतरी बिनसलंय. आमच्याकडे ड्रॉइंगवर एच१ एक्स१ (हाय आणि लो बाजूची टर्मिनलं) सगळं आयतं असतं, रिलेमध्ये कॉम्पेन्सेशनचा आकडा टाकला की झालं, त्यामुळे कोण पुढे कोण मागे हा विचार हाताने केलाच नव्हता.

सिक्वेन्स दादा, सांगाड्याची आयडिया आजपासून सुरू. फ्रिजवर ९ चॅप्टर लावलेत. आता कॅल्क्युलेटरचं सांगा, माझा कॉलेजचा कॅसिओ ९९१ एमएस अजून चालतो, तो नेऊ देतात का नवा घ्यायचा?

निगेटिव्ह_सिक्वेन्स
नेऊ देतात. कॅसिओचं नाव एफएक्स-९९१ किंवा एफएक्स-११५ ने सुरू होत असेल तर चालतं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-३०एक्स आणि टीआय-३६एक्स चालतात, एचपीचे ३३एस आणि ३५एस. भारतात इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाच्या कपाटात परवानगी असलेलं मशीन आधीच पडलंय, ही आपली एकमेव सवलत समजा. फक्त एमएसमध्ये कॉम्प्लेक्स नंबरचं उत्तर एका वेळी अर्धंच दिसतं, बटण दाबून दुसरा भाग बघायचा, फॉल्टच्या लांब गणितात ते छळतं. ईएस किंवा ईएक्स मॉडेल घ्या आणि आत्तापासून तोच वापरा, परीक्षेच्या आठवड्यात नवीन मशीन नको. लिहायला कागद नाही मिळत, पुसून परत वापरायची वही आणि मार्कर देतात. तो मार्कर जाड असतो, माझ्यासारखं मुंगीएवढं अक्षर असेल तर घरी सराव करा.

आता एक गणित, माझं बनवलेलं. ५० हॉर्सपॉवर, ४६० व्होल्ट, थ्री फेज, डिझाइन बी, सर्व्हिस फॅक्टर १.१५, नेमप्लेटवर ६१ अँपिअर. तांब्याची वायर, टर्मिनल ७५ डिग्रीचे. वायर, ब्रेकर आणि ओव्हरलोड सांगा. इन्व्हर्स टाइम ब्रेकर धरा.

कृष्णाकाठ
शनिवारी दुपारी बसले. ४३०.६ म्हणतं वायर आणि ब्रेकरसाठी नेमप्लेट बघायचीच नाही, टेबल ४३०.२५० बघायचं, तिथे ६५ अँपिअर आहे. ४३०.२२ प्रमाणे १२५ टक्के म्हणजे ८१.२५. टेबल ३१०.१६, ७५ डिग्रीचा कॉलम, ४ नंबर एडब्ल्यूजीला ८५ अँपिअर, ठीक. ब्रेकर ४३०.५२ प्रमाणे २५० टक्क्यांपर्यंत, १६२.५ येतात, तो साइझ मिळत नाही म्हणून वरचा १७५. ओव्हरलोडला मात्र नेमप्लेटच, ६१ चे १२५ टक्के, ७६.२५.

उत्तर आलं पण मन मानत नाहीये. ८५ अँपिअरच्या वायरवर १७५ चा ब्रेकर?? माझ्या रिलेच्या डोक्याला हे पटतच नाही. वायर जळेल की!

निगेटिव्ह_सिक्वेन्स
सगळं बरोबर. टर्मिनल ६० डिग्रीचे धरले असते तर ४ नंबरला ७० च मिळाले असते आणि ३ नंबर घ्यावी लागली असती, कलम ११०.१४ तेवढं बघून ठेवा, ते लोक विसरतात.

ब्रेकरचं असं की मोटर सर्किटमध्ये काम वाटून दिलेलं आहे. ब्रेकर फक्त शॉर्ट सर्किट आणि ग्राउंड फॉल्टसाठी, तो छोटा ठेवला तर सुरू होतानाच्या करंटला, जो फुल लोडच्या सहा पट वगैरे असतो, रोज सकाळी उडेल. वायर आणि मोटर हळूहळू तापण्यापासून वाचवायचं काम ओव्हरलोडचं, तो ७६ च्या पुढे टिकूच देत नाही. म्हणून वायरवर १७५ चा ब्रेकर असूनही वायर उघडी पडलेली नाही.

डीपीवरचा_कावळा
आपल्याकडेही स्टार्टरमध्ये हेच, बॅकअप फ्यूज मोठा आणि थर्मल रिले मोटरच्या करंटला लावलेला. शेतकरी तोच रिले दोरीने बांधून ठेवायचे आणि मग मोटर जळली की आमच्याकडे भांडायला यायचे. तू पुढे जा, अर्थ वायर राहिली.

कृष्णाकाठ
काका 😄 अर्थ वायर म्हणजे इकडची इक्विपमेंट ग्राउंडिंग कंडक्टर, टेबल २५०.१२२, ती वायरच्या नाही, ब्रेकरच्या आकड्यावरून. १७५ ची ओळ नाही म्हणून २०० ची, तांब्याची ६ नंबर. बरोबर ना?

निगेटिव्ह_सिक्वेन्स
बरोबर. आता हेच व्होल्टेज ड्रॉपसाठी वायर मोठी केली असं धरून करा. अर्थही त्याच प्रमाणात मोठी करावी लागते, २५०.१२२(बी).

अबोली_पुणे
मध्येच विचारते, माझा भाऊ एफईला बसायचं म्हणतोय, त्याची डिग्री पुणे विद्यापीठाची आहे आणि मूल्यमापनात जनरल एज्युकेशनचे क्रेडिट कमी भरलेत असं आलंय. मॅथ्स, सायन्स सगळं भरपूर आहे म्हणे. हे कुणाचं झालंय का आणि काय केलंत?

कृष्णाकाठ
@अबोली_पुणे माझंही तसंच आलं होतं, आपल्या अभ्यासक्रमात इतिहास, अर्थशास्त्र, असलं काही नसतंच ना. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन कोर्स करून भरून काढले. पण ते सगळ्या राज्यांत सारखं नसतं, त्याला आधी त्या राज्याच्या लायसन्स बोर्डाला इमेल करायला सांगा, फी भरायच्या आधी. व्यनि करा, माझ्याकडे कोर्सची यादी आहे.