'दंडाधिकारी', 'न्यायदंडाधिकारी' आणि तहसीलदारांचं 'कोर्ट' : यातलं कोर्ट नेमकं कुठलं?

गावाकडे आमच्या शेताच्या वाटेचा वाद चालू आहे. शेजाऱ्याने जेसीबी लावून बांधावरची जुनी वाट उकरून टाकली, बैलगाडीसुद्धा जात नाही आता. काकांनी तहसीलला अर्ज केला होता, त्याची नोटीस आली मागच्या आठवड्यात. वर लिहिलंय 'तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी यांचे न्यायालयात', खाली वादी, प्रतिवादी, सुनावणीची तारीख आणि गोल शिक्का. काका गावभर सांगतायत कोर्टात केस लागली म्हणून, आणि ओळखीचे एक वकील म्हणतात अहो हे कोर्ट नाही, ही महसूलची सुनावणी आहे. मग कागदावर न्यायालय का लिहिलंय? आणि कुणाला दंड तर झालेला नाही मग दंडाधिकारी कसे? न्यायदंडाधिकारी म्हणतात ते हेच का वेगळे?

प्रतिसाद :
तालुक्याच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करण्यात बरीच वर्षं गेलीत माझी, हा घोळ रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'दंड'. हा पावती फाडून भरायचा दंड नाही. जुन्या संस्कृतातला दंड म्हणजे शिक्षा करायची, लोकांना वचकात ठेवायची सत्ता, दंडनीती शब्दात आहे तोच. मॅजिस्ट्रेटला मराठी शब्द केला तेव्हा तो घेतला. आणि मॅजिस्ट्रेट दोन जातीचे असतात, तिथेच सगळी गंमत आहे.

न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग बसतात कोर्टाच्या इमारतीत. चोरी, मारामारी, चेक बाउन्स असले फौजदारी खटले चालवतात आणि त्यांच्यावर नियंत्रण हायकोर्टाचं. बऱ्याच तालुक्यांत दाराबाहेरची पाटी वाचा, 'दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग', माणूस एकच, कामं दोन. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार, प्रांत, आणि वर जिल्हादंडाधिकारी म्हणजे आपले कलेक्टर. हे सरकारचे अधिकारी. जमावबंदी लावणं, भांडखोरांकडून शांतता राखायचा बाँड घेणं, ज्याला सगळे चॅप्टर केस म्हणतात, ते यांचं काम. भांडण होऊ नये म्हणून कार्यकारी दंडाधिकारी, झालेल्या गुन्ह्याचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

इंग्रजांच्या काळात हे एकाच हातात होतं, सारा वसूल करणारा साहेबच शिक्षाही द्यायचा, म्हणजे ज्याची तक्रार त्याच्याकडेच दाद. म्हणून संविधानात अनुच्छेद ५० आला, न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करा म्हणून. आपल्या जुन्या मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्येच कायदा केला, देशभर वाटणी झाली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. १ जुलै २०२४ ला नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तरी ही वाटणी तशीच आहे. त्यामुळे मी टाइप करताना 'न्याय' ही दोन अक्षरं कधी गाळत नाही, पक्षकार घाईत असला तरी.

आता तुमच्या काकांचं. नोटिशीवर ते 'दंडाधिकारी' असलं तरी तो तहसीलदारांचा नेहमीचा हुद्दा आहे, लेटरहेडला असतोच. वाटेची केस सहसा त्या अधिकारात चालत नाही. अस्तित्वात असलेली वाट अडवली तर ती लागते मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली. मामलेदार हे तहसीलदारांचंच जुनं नाव. म्हणजे कायद्याच्या नावातच न्यायालय आहे, काका चुकीचं बोलत नाहीत! पण एक बघा, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. वाट आधी नव्हतीच, नवीन हवी, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३, तो प्रकार वेगळा.

प्रतिसाद :
आमच्या गोव्यात अजून मामलेदारच म्हणतात, तहसीलदार शब्द बोलण्यात येतच नाही. तहसील म्हणजे मुळात अरबीत वसुली ना? म्हणजे वसुली करणारा तो तहसीलदार आणि मामले बघणारा तो मामलेदार, दोन्ही कामं नावातच सांगितलीयत. फौजदारीचंही तसंच, फौजदार आता पोलिसात आणि फौजदारी कोर्टात.

प्रतिसाद :
मला वाटतं न्यायालय हा शब्द हायकोर्टाच्या हाताखालच्या कोर्टांनाच ठेवावा. तहसीलदारांकडे सरळ 'अर्धन्यायिक सुनावणी' लिहावं, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने न्यायाधीशासारखी घेतलेली सुनावणी.

प्रतिसाद (वरच्याच टायपिस्टचा) :
ताई, अर्धन्यायिक शब्द बरोबर आहे, सरकारी कागदात असतोही, पण तो सुनावणीच्या प्रकाराला. सत्तर वर्षांच्या म्हातारीला मी अर्धन्यायिक सांगितलं तर तिला काय कळणार? ती विचारते, आता वर कुठं जायचं? आणि ते शब्दावरूनच कळायला पाहिजे. कोर्टातल्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात. महसूल संहितेखालच्या आदेशावर प्रांत, कलेक्टर, आयुक्त आणि काही प्रकरणं थेट मंत्र्यांपुढे सुनावणीला, म्हणजे जिना सगळा सरकारच्याच घरातला, हायकोर्ट शेवटी, तेही रिट म्हणजे सरकारी आदेशाविरुद्धच्या वेगळ्या अर्जात. मामलेदार कायद्यात तर अपीलच नाही, कलम २३ ची फेरतपासणी कलेक्टरकडे. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, 'कोर्टाचा निकाल' म्हणून तहसीलचा आदेश घेऊन जिल्हा कोर्टात चकरा मारून आलेले, तेवढ्यात त्यांची पेरणी हुकली. म्हणून मी म्हणतो नुसतं कोर्ट म्हणू नका. 'तहसील कोर्ट' म्हणा, 'महसुली न्यायालय' म्हणा, ते बोलायलाही सोपं आहे.

मूळ प्रश्नकर्ता :
काकांकडून अर्जाची पोच मागवून बघितली. वाट उकरल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशीची आहे, आणि अर्जाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'कलम ५' लिहिलेलं सापडलं. पुढच्या तारखेआधी मंडळ अधिकारी जागा बघायला येणार आहेत. काकांना सांगितलं 'तहसील कोर्ट' म्हणा, ते म्हणाले बरं, पण कोर्ट म्हणतोय ना आपण?