शेजारशेजारच्या पालिकांनी मिळून सुरक्षेचे प्राधान्यक्रम ठरवायचे म्हणजे नक्की काय ठरवायचं?

टिपणवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा रुक्ष आहे, पण इथे फायरवाले, पालिकेतले, हिशेब तपासणारे असे सगळेच येतात म्हणून विचारतेय.

काही शेजारी पालिका आणि लगतच्या ग्रामपंचायती मिळून एक गट केलाय. सार्वजनिक सुरक्षेत एकत्र काय करता येईल ते ठरवायचं, असा हेतू. मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापली यादी आणायची ठरलं आणि तिथेच सगळं अडलं. नदीकाठचे म्हणतात पूर, हायवेवरचे म्हणतात अपघात, कारखान्यांच्या कुशीतले म्हणतात गॅसगळती, आणि एक पालिका म्हणते आमच्याकडे विशेष काही होत नाही पण बंब एकच आहे नि तोही बहुतेक वेळा गॅरेजमध्ये. कोणाला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांचं सगळं एकत्र केलं, आता यादीत सायबर गुन्ह्यापासून भटक्या कुत्र्यांपर्यंत काय वाट्टेल ते आहे आणि प्रत्येकापुढे 'उच्च प्राधान्य' लिहिलंय. असली यादी असली काय नि नसली काय.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. क्रम लावायचा कसा, खर्च कोणी करायचा, आणि एका गावची गाडी दुसऱ्याच्या हद्दीत गेली की तिथे हुकूम कोणाचा चालणार. दुसरीकडे कुठे हे नीट चाललं असेल तर तेही सांगा, फसलं असेल तर जास्तच सांगा.

जुना_बंबवाला

यादी जरा बाजूला ठेवा. आधी तुमच्या गटातल्या सगळ्यांच्या होजची (बंबाच्या पाइपांची) कपलिंगं, म्हणजे टोकाचे जोड, एकमेकांना आणि एकमेकांच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, बसतात का ते जाऊन बघा. हसू नका, खरंच सांगतोय.

१९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बाल्टिमोरला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, सगळीकडून मदत धावली, काही बंब तर रेल्वेवर चढवून आणले. माणसं आली, इंजिनं आली, आणि बऱ्याच जणांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेचनात, आटेच वेगळे. तीस तासांच्या वर आग चालली नि दीड हजाराच्या वर इमारती गेल्या. मग तपास झाला तेव्हा कळलं की त्या देशात कपलिंगचे सहाशेच्या वर प्रकार वापरात होते, प्रत्येक शहराने आपापलं ठरवलेलं. पुढच्याच वर्षी स्टँडर्ड आलं. आता पुढचं ऐका. १९९१ ला कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या, २५ माणसं गेली, हजारो घरं गेली, आणि तिथे ओकलंडच्या हायड्रंटचं तोंड ३ इंची तर बाहेरून आलेल्यांचं सामान अडीच इंची, मधे अ‍ॅडाप्टर असल्याशिवाय पाणी मिळेना. स्टँडर्ड होऊन ८० वर्षं उलटली होती तेव्हा.

म्हणून सांगतो, मसुद्यात पहिलं पान सामानाचं ठेवा. कपलिंग, वायरलेसचं चॅनेल, फोम कुठला, शिडी किती मजल्यांची, टँकर कुठे भरतो. प्रत्येक ठाण्याकडून भरून घ्या. हे कोणालाच चकचकीत वाटत नाही त्यामुळे वादही होत नाही, आणि सगळे पहिल्यांदाच एकमेकांची ठाणी बघतात हा फायदा वेगळा.

हिशेबनीस

बंबवाल्यांशी सहमत, पण पैशाचं आधी बोलून घ्या नाहीतर कपलिंग बसवूनही गाडी ठाण्यातून निघणार नाही.

नेहमी काय होतं सांगतो. गटात एक पालिका मोठी असते. तिच्याकडे उंच शिडी, रेस्क्यू व्हॅन, प्रशिक्षित माणसं. बाकीच्यांना हळूहळू वाटायला लागतं की आपण कशाला घ्या, फोन केला की येतातच. दोन बजेटं अशी जातात, मग मोठ्या पालिकेच्या सभेत कोणीतरी उठून विचारतं की आपल्या करदात्यांच्या पैशाने शेजाऱ्यांच्या आगी का विझवायच्या. प्रश्न चुकीचा नाहीये हो. त्याला उत्तर मसुद्यात आधीच हवं.

कॅलिफोर्नियात १९५० पासून सगळ्या राज्याचा मिळून एक परस्पर मदतीचा करार आहे. त्याचं मूळ तत्त्व असं की मदत करायची ती परतफेडीची अपेक्षा न ठेवता, आज माझ्याकडे उद्या तुझ्याकडे. पण हे तिथे चालतं जिथे मदत मागायची पाळी आलटून पालटून सगळ्यांवर येते. तुमच्या गटात एकच जण कायम देणारा नि बाकी कायम घेणारे असतील तर दोन रस्ते आहेत. एक, पहिले काही तास देणाऱ्याच्या खर्चाने, त्यापुढचं बोलावणाऱ्याने भरायचं. दुसरा, लोकसंख्येच्या प्रमाणात दरवर्षी थोडी थोडी वर्गणी, आणि ती मोठ्या पालिकेच्या विशिष्ट गाड्यांच्या देखभालीवरच खर्च होणार असं लिहून. मला दुसरा बरा वाटतो कारण आग लागलेली असताना बिलाचा विचार कोणाच्या डोक्यात येऊ नये, फोन करायला उशीर होतो त्याने.

आणि एक वाक्य विसरू नका. दुसऱ्याच्या हद्दीत गेलेला माणूस आपल्याच नोकरीवर, आपल्याच ड्युटीवर आहे असं धरलं जाईल. हे नसलं आणि कोणी जखमी झालं तर विमा, नुकसानभरपाई, वैद्यकीय खर्च सगळंच लटकतं. तसंच देणाऱ्याला नाही म्हणायचा हक्कही स्पष्ट लिहा, स्वतःचं ठाणं रिकामं करून जायची सक्ती कोणावर नको.

खिडकीतून

एवढे करार, वर्गण्या, चॅनेल कशाला? सगळ्यांचं मिळून एकच दल करा, एकच साहेब, विषय संपला. नेदरलँड्समध्ये केलंच की. तिथे २००० साली एन्सखेडेला फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट झाला, २३ माणसं गेली, मग २००१ च्या नववर्षाच्या रात्री फोलेंडामच्या कॅफेत आग लागली त्यात १४ पोरं गेली. त्यानंतर बरीच वर्षं घोळ घालून २०१० ला कायदा आला आणि अख्खा देश २५ सुरक्षा विभागांत वाटला. आग, मोठी दुर्घटना, वैद्यकीय मदतीचा समन्वय, सगळं त्या विभागाकडे. छोट्या नगरपालिकेला एकटीला झेपतच नाही हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे मात्र प्रत्येकाला स्वतःचा बंब नि स्वतःचं उद्घाटन पाहिजे.

सभागृहातली

@खिडकीतून, अर्धंच सांगितलंत. त्या विभागाच्या मंडळावर सगळ्या नगरपालिकांचे महापौर असतात नि त्यातलाच एक अध्यक्ष होतो, साधारणपणे मोठ्या शहराचा. संकट एका गावापुरतं राहिलं नाही की बरेच अधिकार त्या अध्यक्षाकडे जातात. २०२० ला कोरोनात तेच झालं, २५ अध्यक्ष आपापल्या विभागात आदेश काढत होते आणि ज्यांना लोकांनी निवडून दिलं त्या स्थानिक सभागृहांना आधी विचारायची सोयच नव्हती. तिथे त्यावर भरपूर टीका झाली. आणीबाणीत चार दिवस ठीक आहे, महिनोन्महिने नाही.

त्यामुळे 'एकच साहेब' म्हणताना तो कोणाला उत्तर देणार ते पण लिहा. वर्षातून एकदा तरी गटाचा अहवाल प्रत्येक सर्वसाधारण सभेपुढे यावा एवढं साधं कलम टाकलं तरी फरक पडतो, निदान किती वेळा मदत मागितली, किती वेळा मिळाली, किती वेळा नाकारली.

बाय द वे, आपल्याकडे हे अजून गुंतागुंतीचं आहे. अग्निशमन घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या विषयांत. पोलीस राज्याकडे. आपत्ती व्यवस्थापनात २००५ च्या कायद्याने जिल्हा प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे नुसत्या पालिका गोल बसल्या तर टेबलाच्या दोन बाजू रिकाम्याच. आणि २०२५ च्या दुरुस्तीत महापालिका असलेल्या शहरांसाठी शहरी प्राधिकरणाची तरतूद आली तरी तीसुद्धा एकेका शहरापुरती, हद्दीपलीकडचा प्रश्न आहे तिथेच.

टिपणवाली

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. सामान, पैसे, जबाबदारी समजलं. पण क्रमाचं अजून अडलंय. प्रत्येक जण आपल्या धोक्याचे आकडे दाखवतो नि प्रत्येकाचं खरंच असतं. गुण देऊन बेरीज करा असं एकाने सुचवलं, केली, तर सगळे दोन-चार मार्कांच्या फरकात.

उलट_तपासणी

गुणांच्या बेरजेने काही होणार नाही, कारण धोका किती मोठा हा प्रश्न त्या त्या पालिकेने स्वतःला विचारायचा आहे. गटाने विचारायचा प्रश्न वेगळा, की हे एकट्याने होणार आहे का. भटकी कुत्री, सोनसाखळ्या हे त्रासदायक आहेतच पण त्यासाठी शेजाऱ्याची गाडी लागत नाही, काढून टाका गटाच्या यादीतून आणि कोणी रागावलं तर सांगा की तुमच्या यादीत ठेवा, तिथे कोणी हात लावत नाही.

उरतं ते बघा. एका हद्दीत सुरू होऊन दुसरीत पोचणाऱ्या गोष्टी : पाणी, धूर, गॅस, हायवेवरचा टँकर. आणि क्वचितच होणाऱ्या पण झाल्या तर एकाला न पेलणाऱ्या : इमारत कोसळणं, मोठी आग, गर्दीतली चेंगराचेंगरी. एवढ्यानेच यादी निम्म्याहून खाली येईल.

मग प्रत्येक विषय सोलून बघा, की नक्की कोणी कोणासाठी काय करायचं. पुराचंच घ्या. वरच्या अंगाच्या गावाला पुराचा त्रास नसतो म्हणून त्याच्या यादीत पूर तळाला, खालच्याच्या यादीत पहिला. गुणांनी दोघांचं कधीच जमणार नाही. पण खालच्या गावाला वरच्या गावाकडून पाहिजे काय असतं? पुलाखालच्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते दर तासाला, रात्रीसुद्धा, ठरलेल्या नंबरवर कळणं. त्याला एक माणूस आणि फोन लागतो. हे वरच्या गावाला 'पूर ही तुमची प्राथमिकता' असं पटवण्यापेक्षा फार सोपं आहे. गॅसचंही तसंच, कारखाने आणि यंत्रणा दोघांची माणसं असलेले स्थानिक क्रायसिस ग्रुप (केमिकल अपघात झाला तर काय करायचं ते बघणारे गट) करायचे हे १९९६ च्या केमिकल अपघातांच्या नियमांत आहेच, तिथे शेजारच्या पालिकेचा माणूस बसतो का एवढंच विचारा.

जपानचं मला आवडतं ते याचसाठी. तिथेही अग्निशमन नगरपालिकांकडेच आहे. १९९५ च्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी देशभरातल्या दलांची आपत्कालीन मदत पथकं उभी केली. कुठल्या दलाचं कुठलं पथक हे आधीच नोंदवलेलं असतं. संकट आल्यावर कोणाला बोलवू नि कोणाला नको यात वेळ जात नाही.

जुना_बंबवाला

हुकूम कोणाचा याचं उत्तर राहिलं. साधारण प्रघात असा की ज्याची हद्द त्याचा अधिकारी प्रमुख, पाहुणे आपल्या माणसांना आपल्याच पद्धतीने वापरतात पण कुठे लागायचं ते यजमान सांगतो. १९७० ला दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे चालले, १६ माणसं गेली, आणि नंतर कळलं की माणसं-गाड्या कमी पडल्या त्यापेक्षा जास्त गोंधळ कोण कोणाला सांगतंय याचा होता. त्यातूनच पुढे घटनास्थळी एकच कमांड, ठरलेली पदं, ठरलेली शब्दावली अशी पद्धत निघाली ती आता जगभर वापरतात. ती जशीच्या तशी घ्या, स्वतःची नवी शोधू नका.

आणि हद्द नेहमी नकाशावरच असते असं नाही. २०१७ ला इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरीना या कार्यक्रमांच्या मोठ्या सभागृहात बॉम्बस्फोट झाला, २२ लोक गेले. फायर स्टेशन तिथून अर्ध्या मैलावर होतं आणि तरी पहिली फायरची गाडी पोचली दोन तासांनंतर. शहर तेच, रस्ता मोकळा, पण पोलीस, अँब्युलन्स आणि फायर यांच्यात एकमेकांकडे नीट माहितीच पोचली नाही, गाड्या लांबच्या एका ठिकाणी थांबवून ठेवल्या. मग तुमच्या तर चार कंट्रोल रूम असणार. म्हणून मॉक ड्रिल करा, पण बॅनर लावून, पाहुणे बोलावून नको. न सांगता, रात्री, करारात छापलेल्या नंबरवर फोन लावून बघायचा कोण उचलतं. उचलणाऱ्याला गाडी सोडायचा अधिकार नसेल नि तो म्हणाला साहेबांना विचारून सांगतो, तर तिथे तुमचा करार किती मिनिटांचा आहे ते कळेल.

खिडकीतून

+१ बॅनरला. आमच्याकडे पण ड्रिल झालेलं, सगळे आधीच हेल्मेट घालून उभे होते.

टिपणवाली

हाहा. बरं, म्हणजे आता मसुदा असा करते : आधी सामानाची माहिती, मग एकट्याने न होणाऱ्या गोष्टींची छोटी यादी आणि प्रत्येकीपुढे कोणी काय करायचं, मग पैसे, ड्युटी-विमा, कमांड. सभेपुढचा अहवालही घालते. जिल्ह्याच्या लोकांना पुढच्या बैठकीला बोलावते. मुदत किती ठेवू? एका पालिकेचं म्हणणं एक वर्ष बघू नि मग वाढवू.

हिशेबनीस

एक वर्ष अजिबात नको, पहिलं वर्ष तर सह्या गोळा करण्यातच जाईल. मोठी मुदत ठेवा आणि 'कोणी लेखी नकार देईपर्यंत आपोआप पुढे चालू' असं लिहा, बाहेर पडायचं असेल त्याने तीन महिने आधी कळवायचं. नाहीतर नेमकी मुदत निवडणुकीच्या आचारसंहितेत संपते, सभा होत नाहीत, प्रशासक म्हणतो हे माझ्या अधिकारात बसतं का ते तपासतो, आणि मधल्या काळात गाडी मागितली तर समोरचा ऑडिटच्या भीतीने सोडत नाही.